एकोणिसावी बादली

आमच्या स्लीड्रेख्तमध्ये घरटी
एक तरी माणूस चिखलावर जगला.
म्हणजे जगलाच: पोट भरलं, छप्पर घातलं,
पोरांना सायकली घेतल्या
दुसऱ्यांच्या बंदरांतला गाळ उपसून.

मारिनुसचं जहाज भंगारात गेलं त्याला सव्वीस वर्षं झाली.
आता ते आमच्या धुण्याच्या खोलीत परत येतंय,
एकास पन्नास या मापाने,
माझ्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या खात खात.
टाचणीचं डोकं म्हणजे रिव्हेट.
चार हजार लागतील म्हणाला.
मी म्हटलं, आणि पडद्यांना मी काय लावू?
तो ऐकत नाही. ऐकूच येत नाही त्याला,
बादल्यांनी कान खाल्ले त्याचे, एकतीस वर्षांत.

बादल्या छत्तीस.
पितळेचा पत्रा, पोस्टकार्डाइतका पातळ,
लाकडी ठशावर ठोकून गोल करायचा,
कडेला डाक, मग कानस, मग पुन्हा कानस,
मग खिडकीपाशी एक डोळा मिटून बघायचं.
दिवसाला एक होते. रविवारी नाही.
(रविवारी चर्च, आणि तिथेही तो अंगठ्याने
समोरच्या बाकाची कड तपासत बसतो.)

नकाशे आहेत त्याच्याकडे, कारखान्याचे, निळे,
घडीवर फाटलेले.
त्यात वाफेचा दाब आहे, शिडीचा कोन आहे,
बॉयलरच्या नळ्या मोजून दिल्यात.
पाणी मात्र एकास पन्नास होत नाही, म्हणतो.
एवढ्याशा बादलीत थेंब
फुगून बसतो, सांडायचं नाव नाही.
गाळाचीही तीच गत.
वाळू टाकली तर धोंडे, माती टाकली तर ढेकळं.
शेवटी माझ्या कॉफीचा चोथा चालला.
तो मी हल्ली फेकत नाही, बशीत वाळवते.

एकोणिसावी त्याने मुद्दाम बिघडवली.
मी पाहिलं. नीट झालेली बादली चिमट्यात धरून
ओठ वाकडा केला,
तळाला लोखंडाचा तुकडा जोडला.
नकाशात अशी बादली नाही.
ती बिल्बाओची.
तिथे बुडालेल्या एका नांगराने मूळची फाडली,
कंपनीकडून नवी यायला सहा आठवडे,
तेव्हा धक्क्यावरच्या लोहाराने,
एनेको त्याचं नाव,
दोन रात्रींत एक घडवून दिली. जड, ओबडधोबड.
नवी आली, पण ती कोणी लावलीच नाही.

पत्रात लिहायचा:
पस्तीस वेळा ठण्ण, मग एकदा धप्प.
धप्प आलं की फेरा पुरा.
पंधरा धप्प झाले की कॉफी.
मी ते स्वयंपाकघरात वाचायची
आणि बटाटे सोलताना मोजायची,
पस्तीस हलके सोडायची पाण्यात,
छत्तिसावा आपटायची.
हे त्याला कधी सांगितलं नाही.
बटाट्यांचं काय सांगायचं.

काल पहिल्यांदा वाफ धरली.
स्पिरिटचा दिवा, अंड्याएवढा तांब्याचा बॉयलर.
पत्र्याच्या टबात जहाज थरथरलं, शिडी खाली गेली
आणि रहाटगाडगं चालू झालं:
टिक टिक टिक, मनगटावरच्या घड्याळाहून हलकं.
मारिनुस गुडघ्यांवर, दोन्ही तळवे टबाच्या कडेला,
नजर बादल्यांवर नाही, माझ्या तोंडावर.
"आली?"
मी कान लावला. चोथा वर येत होता,
पन्हळीतून घसरून बशीत पडत होता.
"आली?"
टिक टिक टिक. मग काहीतरी,
कदाचित नळाचा थेंब.
मी मान हलवली.
त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढच्या फेऱ्याला मी मोजत होते.
तेहतीस, चौतीस, पस्तीस,
आणि बोटाच्या पेराने
टबाच्या कडेवर आपटलं, त्याच्या तळव्यांपाशी.
तो काही बोलला नाही.
फक्त दिव्याची वात थोडी वर केली.

पंधरा झाले तेव्हा
मी उठून कॉफी ठेवली.